श्रद्धासंवर्धन आणि सहजीवन : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील कॅथलिक प्राथमिक शाळेसंबंधी एक विवेचन

सारांश

श्रद्धेची जोपासना आणि समूहजीवनाची घडण ही दोन कार्ये कॅथलिक प्राथमिक शाळेच्या परंपरेत एकत्र मानली गेली आहेत. जेथे बहुसंख्य विद्यार्थी कॅथलिक असतात, तेथे हे एकत्व सहज साधते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत मात्र कॅथलिक कुटुंबे तुरळक असून वर्गातील बहुतेक मुले इतर धर्मपरंपरांतील असतात. अशा शाळेत कोणाची श्रद्धा, किती मर्यादेत व कोणाच्या संमतीने जोपासावी, हा प्रश्न उपस्थित होतो. धर्मशिक्षण आणि सहजीवन यांतील भेद स्पष्ट ठेवल्यास दोहोंचीही जोपासना अधिक सकसपणे होऊ शकते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. या दोहोंना खरा धोका परस्परांपासून नसून शाळेच्या बाजारीकरणापासून आहे, हेही दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : कॅथलिक प्राथमिक शाळा, चांदा धर्मप्रांत, धर्मशिक्षण, परिपाठ, सहभोजन, अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था.

१. प्रस्तावना

विदर्भात 'कॉन्व्हेंट' हा शब्द आता सामान्यनाम झाला आहे. गल्लीतील दोन खोल्यांत चालणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीलाही येथे कॉन्व्हेंट म्हणतात. तिच्या पाटीवर एखाद्या हिंदू देवतेचे वा राष्ट्रपुरुषाचे नाव असते आणि त्यात कोणालाही विसंगती जाणवत नाही. 'मुलगी कॉन्व्हेंटला जाते' या वाक्याचा अर्थ एवढाच की, ती इंग्रजी माध्यमात शिकते, गणवेशाला टाय लावते आणि तिच्या शिक्षणासाठी आईवडील फी भरतात.

मूळ शब्दाचा अर्थ वेगळा आहे. लॅटिन भाषेतील 'कॉन्व्हेंतुस' म्हणजे एकत्र येणे, मेळावा. त्यावरून एका नियमाने, एका प्रार्थनेने व एका पंगतीने बांधलेल्या धर्मभगिनींच्या निवासाला हे नाव मिळाले. त्या निवासाच्या आश्रयाने शाळा उभ्या राहिल्या आणि पुढे शाळेलाच ते नाव चिकटले. शब्दाच्या या प्रवासात प्रथम श्रद्धा गळली, मागाहून समूहजीवनही गळले. इंग्रजी माध्यम व फी तेवढी शिल्लक राहिली. शब्दांचे अर्थ पालटतच असतात, त्याविषयी खंत करण्याचे कारण नाही. परंतु ज्या शाळा आजही स्वतःला कॅथलिक म्हणवितात, त्यांच्या बाबतीत हा अर्थपालट केवळ शब्दापुरता आहे की संस्थेच्या आशयातही घडला आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात विचारण्यास विशेष कारण आहे. भद्रावती तालुक्यातील मोहर्ली हे गाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे एक प्रमुख प्रवेशद्वार म्हणून ओळखले जाते. या परिसरात गोंड व अन्य आदिवासी, बौद्ध आणि विविध हिंदू जातींची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आली आहेत. भद्रावती येथे विजासनची बौद्ध लेणी, जैन मंदिर व भद्रनागाचे देऊळ ही तिन्ही एकाच नगरात आहेत. चंद्रपूर शहरात महाकालीची चैत्र यात्रा भरते. त्याच शहरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बौद्ध धर्माची दीक्षा दिली. श्रद्धांची एवढी दाटी असलेल्या प्रदेशात एखादी कॅथलिक शाळा 'आम्ही श्रद्धा जोपासतो' असे म्हणते, तेव्हा त्या विधानाचा अर्थ नेमका काय घ्यावयाचा, याचे विवेचन पुढे केले आहे.

२. चांदा धर्मप्रांत आणि शाळेची परंपरा

चंद्रपूरचे जुने नाव 'चांदा' कॅथलिक धर्मप्रांताच्या नावात आजही टिकून आहे. भारतातील कॅथलिक ख्रिस्तसभा लॅटिन, सिरो-मलबार व सिरो-मलंकर अशा तीन विधींत विभागलेली आहे. महाराष्ट्रातील वसई, मुंबई, पुणे, नाशिक येथील मराठी वाचकाला परिचित असलेली परंपरा मुख्यतः लॅटिन विधीची आहे. चांद्याची गोष्ट निराळी आहे. १९६२ साली हा प्रदेश केरळातील सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे सोपविण्यात आला आणि तेथील कार्याची धुरा 'कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट' या संघाच्या धर्मगुरूंनी उचलली. बल्लारपूर हे त्याचे केंद्र झाले. १९७७ साली त्यास पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. केरळाबाहेर सिरो-मलबार परंपरेने स्वतंत्रपणे कार्य आरंभिलेला हा पहिलाच प्रदेश होय.

या घटनेचे शैक्षणिक महत्त्व ध्यानात येण्यासाठी सदर संघाचे एक संस्थापक कुरियाकोस एलियास चावरा (१८०५–१८७१) यांच्या कार्याकडे वळावे लागते. १८४६ साली त्यांनी केरळातील मान्नानम येथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. पुढे ख्रिस्तसभेच्या प्रशासनात अधिकारपद लाभल्यावर, १८६४ साली, प्रत्येक चर्चने आपल्याजवळ एक शाळा उभारावी असा आग्रह त्यांनी धरला. शाळेत येणाऱ्या गरीब मुलांना दुपारचे अन्न मिळावे म्हणून त्यांच्या प्रेरणेने 'पिडियरी'ची प्रथा रूढ झाल्याचे सांगितले जाते. 'पिडी' म्हणजे मूठ आणि 'अरी' म्हणजे तांदूळ. घरातील गृहिणीने रोजच्या स्वयंपाकापूर्वी मूठभर तांदूळ बाजूला काढावा व तो शाळेसाठी द्यावा, अशी ही रीत. २०१४ साली चावरा यांना संतपद घोषित झाले.

महाराष्ट्रातील प्राध्यापकवर्गाला येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण झाल्याशिवाय राहणार नाही. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले; त्यामागेही लोकांनी दिलेल्या धान्याचे बळ होते. एक प्रयत्न धर्मसंस्थेच्या पोटातून निघाला, दुसरा सत्यशोधक विचारांच्या प्रभावातून. तथापि दोहोंनी ओळखलेले सत्य एकच आहे. शाळा पुस्तकांआधी पंगतीत घडते.

चांद्यात आलेल्या धर्मगुरू-धर्मभगिनींनी चावरा यांचा 'चर्चजवळ शाळा' हा विचार सोबत आणला. परंतु केरळात चर्चभोवती वस्ती होती व त्या वस्तीसाठी शाळा होती. येथे वस्ती होती, पण ती कॅथलिक नव्हती. बल्लारपूरची कागद गिरणी, कोळसा खाणी, भद्रावतीचा आयुध निर्माण कारखाना यांच्या निमित्ताने केरळ व अन्य प्रांतांतून आलेली कॅथलिक कुटुंबे तेवढी विखुरलेली होती. परिणामी वर्गात अल्पसंख्य कॅथलिक मुले व बहुसंख्य इतर मुले अशी रचना आरंभापासूनच अटळ झाली. केरळातून आणलेला विचार या मातीत जसाच्या तसा लावता येणार नव्हता. तो नव्याने समजून घेणे भाग होते, आणि ते काम अद्याप संपलेले नाही.

३. श्रद्धेची जोपासना : कोणाची जबाबदारी?

कॅथलिक शिक्षणविचार शाळेकडे श्रद्धेचे सर्व उत्तरदायित्व सोपवितो, असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी स्वतंत्र जाहीरनामा प्रसिद्ध केला. मुलाचे पहिले व प्रमुख शिक्षक आईवडीलच होत, ही त्याची मूळ भूमिका आहे. धर्मग्राम, म्हणजे एका चर्चशी जोडलेला श्रद्धावंतांचा समूह, हे दुसरे स्थान आहे. शाळा या दोहोंना साहाय्य करते. त्याच जाहीरनाम्यात कॅथलिक शाळेचे वैशिष्ट्य सांगताना स्वातंत्र्य व प्रेम यांच्या भावनेने भारलेले सामूहिक वातावरण निर्माण करण्यावर भर दिलेला आहे. म्हणजे शाळेच्या कॅथलिकपणाची खूण धार्मिक पाठांच्या संख्येत शोधावयाची नसून तेथील वातावरणात शोधावयाची आहे.

प्राथमिक शाळेच्या वयाला या संदर्भात खास अर्थ आहे. सहा ते दहा या वयात कॅथलिक मूल प्रथम पापनिवेदन करते आणि प्रथमच ख्रिस्तशरीर स्वीकारते. १९१० साली पोप दहावे पायस यांनी हे वय साधारणतः सातव्या वर्षापर्यंत खाली आणले. मुलाला ईश्वरशास्त्र कळण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, साधी भाकर आणि ही भाकर यांतील फरक त्याला ओळखता आला म्हणजे पुरे, असा त्यामागील विचार होता. श्रद्धा प्रथम कृतीतून येते, व्याख्येतून मागाहून, हे बालमानसाचे आकलन त्यात अंतर्भूत आहे. जात्यावर बसलेल्या आजीच्या तोंडून ओव्या ऐकत वाढलेल्या किंवा बोट धरून वारीला गेलेल्या मराठी मुलाच्या बाबतीतही याहून वेगळे काही घडलेले नसते.

चांद्याच्या कॅथलिक मुलापुढे आणखी एक पेच असतो. तिचे धार्मिक वर्ष मुंबई-वसईच्या मुलीपेक्षाही निराळे असते. लॅटिन विधीत उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, तर सिरो-मलबार परंपरेत महाउपवास पन्नास दिवसांचा असून राख सोमवारी लावली जाते. तिच्या घरी मलयाळम्, तेलुगू वा तमिळ बोलली जाते, शाळेत इंग्रजी, अंगणात मराठी आणि बाजारात हिंदी. वर्गातील मैत्रिणींना तिचा सण ठाऊक नसतो. अशा मुलीची श्रद्धा शाळेने जोपासावयाची म्हणजे तिला इतरांपासून वेगळे काढून अधिक पाठांतर करून घ्यावयाचे, असे समजणे चुकीचे ठरेल. ते काम रविवारी मिस्सानंतर भरणारे धर्मग्रामाचे वर्ग करतातच. शाळेने करावयाचे ते एवढेच की, आपल्या उपवासाविषयी तिला वर्गात संकोच न वाटता बोलता यावे आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलालाही नवरात्र, वर्षावास वा रमजान यांविषयी तितक्याच मोकळेपणाने बोलता यावे. अल्पसंख्य मुलाची श्रद्धा बहुसंख्यांच्या आदरात सुरक्षित राहते. आणि हा आदर एकाच बाजूने मागता येत नाही.

४. घटनात्मक चौकट

या विषयाची चर्चा सद्भावनेवर सोडून चालणार नाही, कारण राज्यघटनेने त्याची सीमारेषा स्पष्टपणे आखून दिलेली आहे. अनुच्छेद ३० अन्वये धार्मिक वा भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. परंतु या अनुच्छेदाचे वाचन अनुच्छेद २८ सोबतच करावयास हवे. पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत ते देता येते. मात्र कोणाही विद्यार्थ्यावर त्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकाची संमती लागते. प्राथमिक शाळेतील प्रत्येक मूल अज्ञानच असते. त्यामुळे पालकाची संमती ही या संपूर्ण व्यवहाराची किल्ली ठरते.

न्यायालयांनी या तरतुदींचा अर्थ वेळोवेळी उलगडून दाखविला आहे. १९८६ साली केरळातील 'यहोवाचे साक्षीदार' पंथाच्या तीन भावंडांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, पण श्रद्धेपोटी ते न गाणारी ही मुले शाळेतून काढली गेली होती. त्यांना परत घेण्याचा आदेश न्यायालयाने दिला. २००२ साली अरुणा रॉय प्रकरणात न्यायालयाने विशिष्ट धर्माचे शिक्षण व धर्मांविषयीचे शिक्षण यांत भेद केला आणि दुसऱ्यास घटनेचा अडसर नाही असे म्हटले. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे नाशिकमधील एका बौद्ध शिक्षकाचे प्रकरण आले. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात न जोडल्यामुळे त्यांना वेतनविषयक लाभ नाकारण्यात आला होता. न्यायालयाने अनुच्छेद २८ चा आधार घेऊन शिक्षकाच्या बाजूने कौल दिला. ज्या जिल्ह्यात दीक्षाभूमी आहे, त्या जिल्ह्यातील शाळेने हा शेवटचा निर्णय विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. सर्व मुलांनी हात जोडावेत ही अपेक्षा अनेकांना निरुपद्रवी वाटते. पण ज्यांच्या घरात बावीस प्रतिज्ञांचे पालन होते, त्यांच्यासाठी त्या कृतीचा अर्थ अगदी वेगळा असू शकतो.

कॅथलिक ख्रिस्तसभेनेही या दिशेने पावले टाकली आहेत. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या २००७ सालच्या शिक्षणविषयक धोरणात कॅथलिक विद्यार्थ्यांचे धर्मशिक्षण व इतरांचे मूल्यशिक्षण यांचा वेगवेगळा विचार आढळतो. काही राज्यांत ख्रिस्ती शाळांना लक्ष्य केले गेल्याच्या पार्श्वभूमीवर एप्रिल २०२४ मध्ये परिषदेच्या शिक्षण विभागाने शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. अन्य धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत, रोज सकाळी राज्यघटनेच्या उद्देशिकेचे वाचन व्हावे आणि शक्य तेथे सर्वधर्मीय प्रार्थनागृह असावे, असे त्यात सुचविले आहे. महाराष्ट्र शासनाने २६ जानेवारी २०२० पासून शाळांत उद्देशिकेचे वाचन अनिवार्य केलेलेच आहे. या सूचनांमागे भय किती व विवेक किती, याची चर्चा करता येईल. तथापि सक्तीने घडविलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, ही भूमिका त्याच परिषदेने, दुसऱ्या व्हॅटिकनने, १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात मांडलेली होती. त्यामुळे घटनेची मर्यादा ही बाहेरून आलेली अडचण न मानता आपल्याच तत्त्वाची आठवण मानणे कॅथलिक शाळेला शक्य आहे.

५. सहजीवनाची चार स्थाने

सहजीवन ही संकल्पना अमूर्त राहिल्यास ती वार्षिक अहवालातील शोभेचा शब्द होते. प्राथमिक शाळेच्या दिनक्रमात ती चार ठिकाणी प्रत्यक्ष कसोटीस लागते, असे दिसते.

पहिले स्थान परिपाठाचे. महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष हा त्याचा परिचित क्रम. कॅथलिक शाळेतील प्रार्थनेविषयीचा वाद बहुधा येथेच उद्भवतो. विदर्भाला या बाबतीत स्वतःची एक परंपरा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगावी रुजविलेल्या सामुदायिक प्रार्थनेत जात व पंथ यांचा भेद न करता माणसे एकत्र बसत आली आहेत. ताडोबाच्या पलीकडील चिमूर तर त्यांच्या कार्याशी व १९४२ च्या लढ्याशी जोडलेले गाव. एकत्र प्रार्थना म्हणजे एकाच देवाचे नाव सर्वांच्या तोंडी घालणे, असा अर्थ या परंपरेत नाही. परिपाठात दोन मिनिटांचे मौन ठेवले, त्यात ज्याने त्याने आपापल्या रीतीने आठवण करावी असे सांगितले, तर कॅथलिक मूल आपली प्रार्थना म्हणू शकते व बौद्ध मूल आपला श्वास पाहू शकते. ख्रिस्ती प्रार्थना करावयाची असल्यास ती स्वतंत्र वेळी, संमती देणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी करणे उचित होय.

दुसरे स्थान डब्याचे. अनुदानित व शासकीय शाळांतील मुले शालेय पोषण आहाराच्या निमित्ताने एकाच भांड्यातील अन्न खातात. विनाअनुदानित शाळेत प्रत्येकाचा डबा वेगळा असतो, आणि डब्यातच घरची जात, ऐपत व आचार उघडे पडतात. कोणाच्या डब्यात अंडे असते, कोणाच्या कांदाही नसतो. कोणाचा डबा रिकामाही असतो. येशूने शिष्यांसमवेत घेतलेले शेवटचे भोजन हा कॅथलिक उपासनेचा गाभा आहे. त्यामुळे 'कोण कोणासोबत बसून जेवतो' हा प्रश्न कॅथलिक शाळेच्या दृष्टीने दुय्यम असू शकत नाही. महाराष्ट्राच्या प्रबोधनपरंपरेतही सहभोजनाला मोठे स्थान आहे. १८४९ च्या सुमारास स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जातिबंधन मोडल्याची ती खूण होती. एकोणिसाव्या शतकातील त्या पावाच्या तुकड्याने जे धाडस मागितले, ते आज तिसरीच्या वर्गातील डब्याकडून मागण्याची गरज नाही. पण शिक्षिका मुलांसोबत बसून जेवते का, रिकामा डबा तिच्या नजरेस येतो का, आणि तो मुलाला ओशाळे न करता भरला जातो का, यावरून त्या शाळेची श्रद्धा ओळखता येते.

तिसरे स्थान सणांचे. नाताळात गोठा मांडणे हा कॅथलिक शाळेतील मुलांचा आवडता कार्यक्रम असतो. विदर्भातील मुलांना त्याच्याशी जुळणारा एक सण घरचाच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या तान्ह्या पोळ्याला लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. गोठ्यातील बैलाकडे पाहताना त्यांना परकेपणा वाटण्याचे कारण नाही. मात्र सणांचा मेळ घालताना एक दक्षता घ्यावयास हवी. प्रत्येक धर्माचा एकेक पोशाख घालून मुलांना व्यासपीठावर उभे केले म्हणजे सहजीवन साधले, असे होत नाही. आदिवासी मुलाच्या वाट्याला तर बहुधा पिसांचा मुकुट व ढोलनृत्य एवढेच येते. त्याच्या घरातील पेन, म्हणजे गोंडांचे कुलदैवत, त्याच्या गोत्राशी जोडलेले प्राणी व वृक्ष, गावाच्या गोटुलात एकत्र बसून निर्णय घेण्याची रीत, यांविषयी त्याला वर्गात काही विचारले जात नाही. ज्याचा सण केवळ नृत्य म्हणून पाहिला जातो, त्याची श्रद्धा शाळेत पोहोचलेलीच नसते.

चौथे व सर्वांत कठीण स्थान शोकाचे. चंद्रपूर जिल्ह्यातील जंगललगतच्या गावांत मोहफुले व तेंदूपत्ता वेचण्याच्या दिवसांत वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावतात. वृत्तपत्रात ती बातमी चार ओळींची असते. शाळेत ती एका बाकावर रिकाम्या राहिलेल्या जागेची असते. काही दिवसांनी ते मूल परत येते. त्या वेळी शाळेपाशी काय असते? सुविचार असतो, मूल्यशिक्षणाचा तास असतो, प्रार्थनाही असते. पण मुलाला हवे असते ते त्याच्या घरी कोणी येऊन बसणे, चुलीला विसावा मिळेल इतके अन्न येणे आणि वर्गमित्रांनी त्याच्याशी नेहमीसारखे बोलणे. ताडोबा या नावामागे अशी आख्यायिका सांगतात की, तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला व लोकांनी त्याला देव मानले. तलावाकाठच्या त्याच्या ठाण्यापाशी पौषात यात्रा भरत असे. समूहाने आपला शोक देवळात ठेवून जपला, असे या कथेकडे पाहता येते. मृत्यूपाशी माणसांना एकत्र बसविणे हे श्रद्धेचे सर्वांत जुने काम होय. क्रुसाखाली उभ्या असलेल्या आईचे चित्र ज्या शाळेच्या भिंतीवर असते, त्या शाळेला हे काम परके वाटू नये. त्या घरात जाताना तिने आपली प्रार्थना ओठांवर आणण्याची आवश्यकता नाही. तेथे त्या घरचे विधी चालू असतात, त्यांच्यापाशी शांतपणे बसणे पुरेसे आहे.

६. मर्यादा : माध्यम, फी आणि प्रवेशद्वार

आतापर्यंतचे विवेचन शाळेच्या आत आलेल्या मुलांविषयी होते. प्रवेशद्वाराबाहेर राहिलेल्या मुलांचा विचार केल्याशिवाय ते एकांगी ठरेल. कॅथलिक संस्थांच्या नामांकित शाळा मुख्यतः शहरांत व औद्योगिक वसाहतींत आहेत, आणि त्यांतील अनेक इंग्रजी माध्यमाच्या आहेत. बफर क्षेत्रातील गावांतल्या बहुसंख्य मुलांची शाळा ही जिल्हा परिषदेचीच असते. मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जाणाऱ्या मजुराच्या मुलीपर्यंत 'कॉन्व्हेंट' पोहोचत नाही. ती पोहोचली, तरी घरी गोंडी वा मराठी बोलणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी इंग्रजीत गप्प बसावे लागते. जेथे मुलाची भाषा गप्प होते, तेथे त्याची प्रार्थनाही गप्प होते, हे कॅथलिक शिक्षणाने विसरू नये. मराठी ख्रिस्ती परंपरेला तर याचे विस्मरण मुळीच शोभणार नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात मराठी ओवीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले, ते श्रोत्यांच्या भाषेतच श्रद्धा बोलू शकते हे ओळखूनच.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या प्रमती प्रकरणातील निर्णयाने अल्पसंख्याक शाळा त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. परिणामी दुर्बल घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्याची शिफारस केली. कायद्याचा अंतिम अर्थ न्यायालय ठरवील. परंतु अनुच्छेद ३० ने दिलेले स्वातंत्र्य कशासाठी वापरावयाचे, हे संस्थेलाच ठरवावे लागते. जो हक्क अल्पसंख्याकांना आपली श्रद्धा व संस्कृती जपण्यासाठी मिळाला, त्याचा उपयोग केवळ प्रवेश व फी यांतील मोकळीक म्हणून झाला, तर त्या शाळेत आणि पाटीवर कोणतेही नाव लावलेल्या गल्लीतील 'कॉन्व्हेंट'मध्ये इमारतीखेरीज फरक उरणार नाही. मूठभर तांदळाच्या आठवणीवर उभी राहिलेली परंपरा मुठीत न मावणाऱ्या फीवर चालू लागली, तर तिने स्वतःला कॅथलिक म्हणविण्यापूर्वी थांबून विचार करावा, हे उत्तम.

या मुद्द्यावर न्याय्य आक्षेप असा की, विनाअनुदानित शाळेला शिक्षकांचे वेतन फीमधूनच द्यावे लागते. आक्षेप खरा आहे. मात्र चावरा यांच्यापुढेही निधीचा प्रश्न होताच. त्यांनी तो समाजाच्या स्वयंपाकघरात नेला. संपन्न पालकांची फी व दुर्बल मुलाची जागा यांची सांगड घालणे, धर्मग्रामाने काही मुलांचा भार उचलणे, पहिल्या दोन इयत्तांत मराठी व गोंडी बोलण्याला मोकळे स्थान देणे, जवळच्या जिल्हा परिषद शाळेबरोबर ग्रंथालय व क्रीडांगण वाटून घेणे, हे उपाय कोणत्याही आदेशाची वाट न पाहता करता येण्याजोगे आहेत.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी हाती येतात.

पहिली बाब अशी की, कॅथलिक मुलांचे धर्मशिक्षण आणि सर्व मुलांचे सहजीवन ही भिन्न कार्ये आहेत. पहिले संमतीने, स्वतंत्र वेळी आणि घर व धर्मग्राम यांच्या साहाय्याने व्हावे. दुसरे सर्वांसाठी, रोज आणि शाळेच्या पूर्ण वेळात व्हावे. या दोहोंची सरमिसळ केल्यास पहिल्यावर सक्तीचा आरोप येतो व दुसऱ्यावर दिखाऊपणाचा.

दुसरी बाब अशी की, भेद स्पष्ट ठेवला तरी दोहोंचा संबंध तुटत नाही. डबा, परिपाठ, सण व शोक या चार स्थानी शाळा जशी वागते, त्यावरून कॅथलिक मुलाला आपल्या श्रद्धेचा अर्थ कळतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेले त्याला तेथे पडताळून पाहता येते. इतर मुलांनाही तेथेच आपापल्या परंपरेचा मान राखला गेल्याचा अनुभव येतो.

तिसरी बाब अशी की, घटनेने घातलेली संमतीची अट श्रद्धेच्या आड येत नाही. उलट ती श्रद्धेची प्रतिष्ठा राखते. श्रद्धेला खरी झीज लागते ती शाळा केवळ इंग्रजी माध्यमाचे दुकान बनते तेव्हा.

समारोप करताना पुन्हा शब्दाकडे यावेसे वाटते. 'कॉन्व्हेंट' या शब्दातून समूह निघून गेला, ही भाषेतील घटना आहे आणि ती परतविता येणार नाही. परंतु ज्या शाळेत ताडोबाच्या रानातून आलेले मूल, दीक्षाभूमीजवळच्या वस्तीतील मूल आणि केरळातून आलेल्या कामगाराचे मूल एका सतरंजीवर बसून डबा उघडते व कोणाचाही डबा रिकामा राहत नाही, त्या शाळेने आपले नाव काहीही ठेवले तरी शब्दाचा मूळ अर्थ तिच्यापाशी शाबूत असतो. अध्यापक-प्रशिक्षण महाविद्यालयांनी व समाजशास्त्र विभागांनी या वनजिल्ह्यांतील शाळांचा अभ्यास निकालाच्या टक्केवारीसोबत या निकषावरही करावा, असे सुचवावेसे वाटते.